आक्काचा बरा आलेला रिपोर्ट

मी मॅमोग्राफी वाचणारी डॉक्टर आहे. कुडाळात एका अंधाऱ्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसायचं, बायकांच्या स्तनांचे एक्स-रे बघायचे आणि त्यातले पांढरे ठिपके साधे की वाईट ते सांगायचं, हे माझं काम. बाहेर बाकावर बसलेल्या बाईला वाटत असतं की आत तिचं मरण ठरतंय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. वयाबरोबर थोडं कॅल्शियम साठतं, इतकंच. लाह्यांसारखे मोठे, ढोबळ दाणे असले तर जुनी गाठ वाळलेली; खुशाल घरी जा. रव्यासारखे बारीक आणि एकाच जागी गोळा झालेले असले तर माझी मान पुढे जाते. याहून ते किचकट आहे, पण माझ्या आक्काला मी एवढंच सांगितलं होतं.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. वालावलला दिलेली. भातशेती, डोंगरउतारावर काजूची बाग, नवरा आणि पुण्यात नोकरी करणारी एकुलती एक मुलगी, एवढा तिचा संसार. आमची आई तारकर्लीच्या घरात स्तनाच्या कॅन्सरने गेली. गाठ तिने वर्षभर लपवली, लाजेने. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून आम्हा दोघी बहिणींना जगात एकच आजार होता. ताप आला, पाय मुरगळला, दात दुखला, तरी आक्का आधी हात छातीकडे न्यायची आणि चाचपून बघायची. मी हसायचे, पण रात्री मीही तेच करायचे.

तरी मॅमोग्राफीला यायला तिने मला चार वर्षं झुलवलं. आज गणपती, उद्या कापणी, परवा पाहुणे. शेवटी मी फोनवर ओरडले, "माझ्याकडे सगळ्या गावच्या बायका येतात आणि माझी सख्खी बहीण येत नाही, लाज आणलीस माका!" तेव्हा आली. आली तीही लग्नाला निघाल्यासारखी. जरीची साडी, केसांत आबोलीचा वळेसर आणि अंगभर पावडर. आमच्या टेक्निशियन बाईने तिला ओल्या कापडाने सगळी पावडर पुसायला लावली, कारण पावडरीचे कणसुद्धा फोटोत पांढरे ठिपके होऊन येतात. आक्का मला म्हणाली, "बरा दिसाक नको काय गो? डॉक्टरची भैण म्हणान इलंय मी." मशीनच्या फळीत छाती दाबली तेव्हा ती मालवणीत असं काही बोलली की टेक्निशियन बाई दिवसभर आठवून हसत होत्या.

फोटो मीच वाचले. दुसऱ्या कुणाला वाचू द्यायला हवे होते, हे मला आज कळतं. आईचे फोटो कुणी काढलेच नव्हते, त्यामुळे मी जणू आईचेही तेव्हाच बघत होते. रव्यासारखं काही दिसतंय का ते मी इंच इंच मोठं करून शोधलं. नव्हतं. डाव्या बाजूला दोन ढोबळ दाणे होते, साधे. आणि दोन्हीकडे रक्तवाहिन्यांच्या काठाने पांढऱ्या समांतर रेषा होत्या, बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम. स्तनाच्या दृष्टीने तेही साधंच. आमच्या रिपोर्टांची वाक्यं तयार असतात. मी त्यातलं नेहमीचं वाक्य टाकलं: सौम्य स्वरूपाचे कॅल्शियमचे साठे, चिंतेचे कारण नाही. मग बाहेर येऊन आक्काच्या गळ्यात पडले. दोघी बाकावर बसून लहान पोरींसारख्या रडलो. माझा जीव इतका भांड्यात पडला होता की आणखी काही सुचण्याची सोयच नव्हती.

सुचायला हवं होतं ते असं. बावन्न वर्षांच्या बाईच्या रक्तवाहिन्यांत इतकं कॅल्शियम असेल, त्यात तिची साखर वाढलेली असेल आणि गोळ्या ती मनाला येईल तेव्हा घेत असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्याही एकदा बघून घ्याव्यात. तिथेही असेलच असं नाही, पण असू शकतं. साखरेचं मला ठाऊक होतं. रिपोर्टाखाली एक ओळ लिहायची, हृदयाची तपासणी करावी. हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी, काढायची खोली माझ्या खोलीपासून चार दारं सोडून. त्या काळात ती ओळ मी कुणालाच लिहीत नव्हते. बाई कॅन्सरची भीती घेऊन आलेली, तिला कॅन्सर नाही एवढं सांगितलं की माझं काम झालं, असं मी मानायचे.

आठवड्याने भावोजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्याने, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा दिला. रिपोर्ट बरा आला तर देईन असं ते बोलले होते, मला न सांगता. गाऱ्हाणं घालताना रिपोर्टाचा लिफाफा नारळाबरोबर देवापुढे ठेवला होता. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होते, तोंड भरून. राखणदाराच्या जागेवरून घराकडे यायला चढण आहे. अर्ध्यावर आक्का थांबली. एक हात फणसाच्या खोडावर, एक छातीच्या मधोमध. कपाळावर घाम. मला म्हणाली, "तू हो फुडे. माका दम लागलो."

आणि मी, शिकली-सवरलेली डॉक्टर, काय म्हणाले? "वडे कमी खा गो जरा, बघ केवढी सुटलीस!" ती हसली. आम्ही वर गेलो, कोंबडी-वडे जेवलो, भावोजींनी लिफाफा देवघरातल्या फडताळात ठेवला. मला त्या दिवसाची लाज वाटते. तिचा दम मला दिसला, घाम दिसला, आठवड्यापूर्वी त्या रेषा दिसल्या होत्या, आणि तरी यांतलं एकही दुसऱ्याला जाऊन चिकटलं नाही.

मार्चमध्ये काजूच्या दिवसांत तिचा फोन आला. "डोंगर चढताना छातीत जड जड वाटता गो. बसलंय की बरा वाटता." हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही बाईने म्हटलं असतं तर मी तिला हातातलं काम टाकून यायला सांगितलं असतं. पण ती आक्का होती, आणि आक्काला काही झालेलं नाही हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा ती वाचली म्हणजे सगळ्यातूनच वाचली, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, "पित्त असेल. उपाशीपोटी चहा पिऊ नको. पुढच्या आठवड्यात ये, बघू." ती म्हणाली, "बरा, काजू झाले की येतंय."

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती बागेत गेली. काजूचे बोंडू वेचता वेचता खाली बसली, ती उठलीच नाही. भावोजी हाकेच्या अंतरावर होते.

बाराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती. येईल त्याला भावोजी फडताळातून तो लिफाफा काढून दाखवत. "क्यान्सर न्हवतो. मेवणीन स्वता वाचल्यान." लोक माझ्याकडे आदराने बघत आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. कुडाळला परतल्यावर मी तिचे फोटो पुन्हा उघडले. रेषा जिथल्या तिथे होत्या. रिपोर्टही पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. चुकीचा असता तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी मला जाब विचारला असता.

आता मी ती ओळ लिहिते, जिथे लागेल तिथे. बायका बिचाऱ्या घाबरतात, "स्तनाचो फोटो काढलो आणि हृदय खंयसून इला?" म्हणून भांडतातसुद्धा. मी हात धरून त्यांना चार दारं पलीकडे नेते.

पावसाळा सरल्यावर भावोजी बाजाराला आले होते, तेव्हा मला भेटायला दवाखान्यात आले. सोललेल्या काजूगरांची पिशवी टेबलावर ठेवली. "तिच्याच हातचे वेचलेले, शेवटचे," म्हणाले. माझ्याने राहवेना. मी त्यांना खोलीत नेलं, फोटो लावले, त्या रेषांवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. चढणीवरचा दम, फोनवर मी केलेलं पित्ताचं निदान, न लिहिलेली ओळ, काही ठेवलं नाही. त्यांनी स्क्रीनजवळ वाकून त्या रेषा बघितल्या. मग म्हणाले,

"ह्या तुका तेव्हाच दिसलेला?"

"होय," मी म्हटलं.

ते ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते उठले, चपला घातल्या, आणि दारात थांबून म्हणाले, "पुण्याच्या चेडवाक सांगू नको. तिका आवशीच्या जागेर आता तूच आसस."

त्या संध्याकाळी भाचीचा पुण्याहून फोन आला. आईचं बोलता बोलता ती रडायला लागली, मग नाक पुसून म्हणाली, "मावशी, एका गोष्टीसाठी मी तुझे पाय धरीन. आयुष्यभर आई त्या भीतीत जगली. तू रिपोर्ट वाचलास म्हणून शेवटचे सहा महिने तरी ती निर्धास्त होती."

मी म्हटलं, "हो गो, होती."