हळदी रंगाचं जाकीट

मी सौदीला निघालो त्या दुपारी अब्बा बर्फाच्या कारखान्यातून तडक एसटी स्टँडवर आले. आमच्या बंदरात मासळीसाठी बर्फाच्या लाद्या तयार होतात. त्या आकड्याने ओढायच्या आणि फोडायच्या, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांनी माझा हात धरला तेव्हा त्यांची बोटं इतकी गार होती की मी दचकलो.

"तू बी.कॉम. झालास," ते म्हणाले. "तुझ्या हाताला आता बर्फ लागायचा नाही."

घरातला मी पहिला पदवीधर. ते हात किती वर्षं गार राहिले म्हणून मी शिकलो, हे मी कधीच विसरलो नाही.

आणि जेद्दाहला मला नोकरी मिळाली ती बर्फात घालायच्या कपड्यांच्या दुकानात! फोनवर सांगितलं तर अब्बांना हसून ठसका लागला. "अरे, वाळवंटात बर्फाचे कपडे घेतं कोण?"

घेणारे खूप होते. सुट्टी लागली की घरंच्या घरं स्वित्झर्लंडला, जॉर्जियाला जायची. मॉलबाहेर डोकं भाजणारं ऊन आणि आत मी लोकांना फर लावलेल्या टोप्या घालून बघायला सांगतोय. या धंद्याची फॅशन दर हिवाळ्याला बदलते. एक वर्ष डोळ्यांत खुपणारे पोपटी आणि गुलाबी रंग, पुढच्या वर्षी पांढऱ्याशिवाय बात नाही. मग अंगाला घट्ट बसणारे एकसंध सूट आले. काही बायकांना बर्फावरून घसरायचं नसायचंच, बर्फासमोर कॉफी पिताना फोटोत शोभेल असा कोट हवा असायचा. मी कंपनीची पुस्तकं परीक्षेसारखी पाठ केली. पाणी कुठल्या कापडातून झिरपत नाही, आत किती थर घालायचे, सगळं. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येऊन माझंच नाव विचारायचं, याचा मला अभिमान होता.

मग सौदायझेशन आलं. कपड्यांच्या दुकानात विक्रीला सौदी माणूसच हवा. तपासनीस आले की मॅनेजर म्हणायचा, "यल्ला, आत जा," आणि मी मागच्या गोदामात खोक्यांमध्ये उभा राहायचो. ज्या दुकानात मी आठ हिवाळे विकले, तिथेच लपायचो. तुमच्यापैकी जे इकडे आले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझ्या जागी रीम नावाची मुलगी आली. तिला शिकवायचं कामही माझंच. मुलगी हुशार होती, मला 'उस्ताद' म्हणायची. मी तिला सांगितलं, "गिऱ्हाइकाला वाकायला सांग, हात वर करायला सांग. पाठ उघडी पडली तर जाकीट आखूड. आणि नेहमी एक माप मोठं दे."

"मोठं का?"

"आत स्वेटर मावतो. शिवाय पुढची दोन वर्षं होतं."

ती हसायलाच लागली. "उस्ताद, सैल जाकिटात खालून बर्फ शिरतो! मी दोनदा पडलेय ना. आणि पुढच्या वर्षी हे घालणार कोण?"

आमच्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचे, तीन इयत्ता पुरायचा. तेच माप मी आठ वर्षं श्रीमंतांच्या अंगावर चढवत होतो. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. देश तिचा, नोकरीही तिची. पण जाणाऱ्यानेच येणाऱ्याला शिकवायचं, यात काही चुकतंय, असं तिथे कुणाला वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी तिने एक हळदी रंगाचं जाकीट माझ्या हातात ठेवलं. "हा रंग आता कुणी घालत नाही. तू घे. कधीतरी बर्फात जाशील."

गेलो. दुसरा कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, मिळाला; इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, 'विक्रेता' जाऊन 'कामगार' आलं. आता मी शीतगृहात गोठलेल्या कोंबड्यांची खोकी उचलतो. अंगावर तेच जाकीट, एक माप मोठं. घरी मात्र अजून दुकानच सांगत होतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो आणि अब्बांचा व्हिडिओ कॉल आला. जाकीट काढायचं राहून गेलं.

"हे काय घातलंयस? थंडी आहे?"

"ताइफला आलोय अब्बा, फिरायला. डोंगर आहे ना, गार असतं."

ते बघत राहिले. मग म्हणाले, "हात दाखव."

मी दाखवला. बोटांची टोकं पांढरी पडली होती. कारखान्यातून आल्यावर त्यांची पडायची, अगदी तशी.

"ओल्या हाताने खोकं धरू नकोस," ते हळूच म्हणाले. "बाहेर आलास की लगेच गरम पाण्यात हात घालायचे नाहीत. आधी काखेत धर."

खोक्याचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मागून अम्मीचा आवाज आला, "कुठे आहे तो?"

"ताइफला गेलाय," अब्बा म्हणाले. "फिरायला."

घर आता मला तितकंसं लांब वाटत नाही. ज्या कामापासून वाचवायला त्या घराने मला शिकवून एवढ्या दूर पाठवलं, तेच काम मी इथे करतोय. फक्त अब्बा संध्याकाळी चालत घरी यायचे.