कैरीला कोय धरेपर्यंत

आलापल्लीच्या रस्त्याला लागून कारखान्याने जी कॉलनी वसवली, तिथे माणसाच्या हातात फारसं काही ठेवलेलं नाही. पाणी कधी यायचं, कचरागाडी कोणत्या ओळीतून आधी जायची, कोणी बी टाइपच्या घरात राहायचं आणि कोणी डी टाइपच्या, झाडं किती अंतरावर लावायची, हे सगळं कोणीतरी आधीच कागदावर आखून ठेवलं. आखायचं राहिलं ते फक्त भुकेचं. बायको माहेरी गेलेला फिटर, रात्रपाळी करून आलेला वेल्डर आणि घरचं खाऊन कंटाळलेली अख्खी सी टाइप संध्याकाळी कुठे जाणार, हे नकाशा काढणाऱ्या साहेबाला सुचलंच नाही. ते इतवारीला सुचलं.

इतवारी तलांडी कॉलनीत आली तेव्हा कॉलनी नव्हतीच, नुसता पाया होता. ती डोक्यावर विटा वाहायची आणि दुपारी सगळ्या मजुरांचा भात रांधायची. बाजार-ओळीतल्या सात गाळ्यांच्या निम्म्या विटा तिच्याच डोक्यावरून आल्या. इमारती उभ्या राहिल्या, मजूर पांगले, चूल मात्र तिथेच राहिली. गेटाच्या बाहेर, टिनाच्या छपराखाली, हिरवी जाळी लावून तिने हॉटेल टाकलं. नवरा इसरू पाणी भरायचा, लाकडं फोडायचा आणि गिऱ्हाइकाशी भांडण लागलं की बायकोच्या मागे जाऊन उभा राहायचा. भांडायला बायको खंबीर होती. "पानात टाकून उठला त उद्या इकडे फिरकू नको," असं ती सुपरवायझरलाही सुनवायची, आणि सुपरवायझर निमूट पान पुसून खायचा.

कॉलनीत खाण्याच्या जागा आणखीही होत्या. लक्ष्मय्याचं इडली-डोशाचं दुकान, एक सावजी खानावळ आणि पवनची चायनीज गाडी. त्यांची वाटणी न बोलता झाली होती. सकाळ लक्ष्मय्याची, संध्याकाळ पवनची, पगाराचा दिवस सावजीचा, आणि उरलेला सगळा महिना इतवारीचा.

पण महिना तिचा असला तरी जागा तिची नव्हती. ट्रकांची धूळ वरणात पडू नये म्हणून ती दिवसभर झाकणं धरून बसायची. उन्हाळ्यात वावटळ सुटली की टिनाचं पान उडून भिंतीपलीकडे बी टाइपच्या बागेत जाऊन पडायचं, आणि ते परत आणायला गेटावरच्या सिक्युरिटीशी दर वेळी नव्याने तंडावं लागायचं. अशात बाजार-ओळीतला सात नंबरचा गाळा रिकामा झाला. इतवारीने शटरच्या फटीतून डोळा लावून पाहिलं. आत नळ होता! काळ्या फरशीचा ओटा होता! त्या रात्री तिने इसरूला तो ओटा इतक्या वेळा सांगितला, की शेवटी तो म्हणाला, "ओट्यासंगच लगीन लाव मंग."

गाळा कोणाला द्यायचा हे कॉलनीची कमिटी ठरवणार होती. कमिटीचं काम संघप्रिया मॅडम पाहायच्या. चंद्रपूरची तरुण मुलगी, स्कूटीवरून वाऱ्यासारखी फिरायची आणि सगळ्यांना ताई-दादा म्हणायची. त्यांनी बोर्डावर सूचना लावली : येत्या रविवारी मैदानावर आनंद मेळावा; ज्या स्टॉलवर सर्वांत जास्त गर्दी, त्याला सात नंबरचा गाळा.

झालं! कॉलनीला दुसरा विषय उरला नाही. पवनने नवी कढई आणली. सावजीवाल्याने मसाला दळायला घेतला, तेव्हा तीन ओळींना शिंका सुरू झाल्या. पण पैज लावणारे सगळे इतवारीच्याच नावावर लावत होते. कारण मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिने कैरी घालून मासोळी केली होती. नदीची मरळ, लाल मिरची, लसूण, वरून सांबार, म्हणजे इकडची कोथिंबीर, आणि दाताला आंबट सणक देणारी कैरी. ती मासोळी खाऊन ए टाइपच्या मोठ्या साहेबांनी चारचौघांत बोटं चाटली होती. कॉलनीत अजून तो प्रसंग सांगितला जातो.

गुरुवारी गेटावर भलंमोठं फ्लेक्स लागलं. त्यावर सगळ्यांत वर, लाल अक्षरांत : इतवारीताईंची कैरीतली मासोळी! इतवारीला वाचता येत होतं. तिने ते मोठ्याने वाचलं, मग इसरूला ओढत आणून त्याला वाचून दाखवलं, मग एका अनोळखी ट्रकवाल्याला थांबवून त्यालाही दाखवलं. तिला आनंद लपवता येत नसे आणि लपवायची तिला गरजही वाटत नसे. मग एकदम तिचा हात फ्लेक्सकडे तसाच राहिला.

"कैरी," ती म्हणाली. "अवो, कैरीचा पंडुम कुठी झाला अजून?"

इसरूनेही डोक्याला हात लावला. त्यांच्या गावात मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय नव्या कैरीला कोणी तोंड लावत नाही. आधी देवाला, मग गेलेल्या माणसांना, मग जिवंतांना. मागच्या वर्षी मासोळी केली ती पंडुमानंतर. या वर्षी आंबा उशिरा मोहरला होता, हे बिचाऱ्या फ्लेक्सवाल्याला काय ठाऊक!

पंडुमाचा दिवस धरणं इतवारीच्या बापाच्या हाती होतं. पोचू गावचा गायता, पूजेचा मान त्याचा. इतवारीने उभ्या पायी इसरूला मोटरसायकल काढायला लावली आणि जंगलातला रस्ता धरला. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता.

"बाबा, या शनिवारी पंडुम धरता येते का?" तिने खाली बसायच्या आधीच विचारलं.

पोचूने झाडाखाली गळून पडलेली एक कैरी उचलली, चाकूने मधोमध कापली आणि तिच्यापुढे धरली. आत सगळं पांढरं, मऊ.

"कोय कुठी आहे? दाखव मले."

इतवारीने अंगठ्याने मधला पांढरा गर दाबून पाहिला.

"कोय धरली नाई आन् तोडाचं म्हणते. काऊन?"

तिने सगळं सांगितलं. गाळा, नळ, ओटा, फ्लेक्स. म्हाताऱ्याने पुन्हा दोर वळायला घेतला आणि वळता वळता ऐकलं.

"तुही कॉलनी थांबत नाई का थोडी?"

"थे कॉलनी आहे, बाबा. तिथी सगळं तारखेवर चालते."

"मंग थे गाव नाई," पोचू म्हणाला. "गावाले थांबता येते."

परतीच्या वाटेवर इतवारी इतकी चिडलेली होती, की इसरू कुठल्याही खड्ड्याबद्दल काही बोलला नाही.

शुक्रवारी मासे घेऊन धनराज आला. धनराज ढिवर, तलावाचा आणि नदीचा माल कॉलनीत तोच आणायचा. गोष्ट ऐकून तो हसला. "इतवारीबाई, बाजारात सिरोंचाकडची कैरी आली आहे. ट्रकच्या कैरीले कायचा पंडुम? थे तुमच्या झाडाची थोडीच आहे!" आणि गाडीवरची टोपलीच त्याने तिच्यापुढे ठेवली.

खोटं कशाला बोला, इतवारीने ती टोपली घेतली. रात्री इसरू झोपल्यावर तिने विळी पुढे ओढली. कैरी हातात घेतली. हिरवीगार, कडक, वास असा की तोंडाला पाणी सुटावं. तिला काळा ओटा दिसत होता. नळाचं पाणी पडताना ऐकू येत होतं. पण विळीपाशी हात जाईना. पंडुमाआधी कैरी तोंडात घातली म्हणून आईच्या हातचा मार खाल्ला होता, तो गाल आज इतक्या वर्षांनी तिला झोंबायला लागला. कैरी ट्रकची असो की झाडाची, आईने चपराक मारताना ते विचारलं नसतं.

सकाळी टोपली धनराजच्या गाडीवर परत गेली आणि इतवारी कमिटीच्या ऑफिसात.

"मॅडम, कैरी नाई होत. फ्लेक्स बदला."

संघप्रिया मॅडम हवालदिल झाल्या. बाहेरून साहेब येणार, फोटो निघणार. "ताई, चिंच घाला ना! कोणाला कळतं?"

"मले कळते न."

मॅडमनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला; एका दिवसात नवं होत नाही, म्हणाला. फ्लेक्स तसंच राहिलं.

रविवारी मैदान फुलून गेलं. मंडपात दिवे, माइकवर गाणी, पोरांच्या हातात फुगे. पवनच्या कढईतून ज्वाळा उठत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते. इतवारीच्या स्टॉलवर मोठं पातेलं होतं, त्यात मरळ होती, मिरची होती, लसूण होता. कैरी नव्हती. तरी फ्लेक्सच्या जोरावर रांग लागली, आणि रांगेत सगळ्यांत पुढे गिरजाबाई. गिरजाबाई म्हणजे डी टाइपमधल्या एका फोरमनची आई. मूळची वऱ्हाडातली, तोंडाने फटकळ, आणि कॉलनीतल्या प्रत्येक हॉटेलाला नावं ठेवून झालेली.

तिने एक घास खाल्ला. थांबली. "कैरी कुठी गेली वो?"

इतवारीने पळी पातेल्यात ठेवली. ही वेळ येणार हे तिला माहीत होतं. ती मोठ्याने बोलली, कारण हळू बोलायची तिला सवयच नव्हती.

"कैरी नाई टाकली, बाई. अजून कोय धरली नाई. आमच्या गावी पंडुम झाल्याबिगर आम्ही नवी कैरी खात नाई. गेलेल्या माणसाइच्या आधी आपण कसं खावाचं? ज्याले अशी पाह्यजे त्यानं घ्यावी. नाई त पवनची गाडी तिकडे आहे."

रांगेत चुळबूळ झाली. दोघं-तिघं निघून गेली. एकजण म्हणाला, "मग फ्लेक्सवर कशाला छापलं?" आणि बरोबरच होतं त्याचं. इतवारीला वाटलं, संपलं. गेला ओटा.

गिरजाबाई मात्र हलली नाही. पान हातात धरून ती उभीच होती.

"माही माय," ती म्हणाली, "अखजीच्या सनाआधी आंब्याले हात लावू देत नोती. आधी पितराइच्या पानात, मंग लेकराइले. आन् मी बया, औंदा मार्चातच आंबा आणला इकत. पोराले म्हनलं, चाल खा." तिने हातातल्या पानाकडे पाहिलं. "मायच्या पानात ठेवाचाच राहून गेला."

मागून लक्ष्मय्या आपला स्टॉल सोडून पुढे आला. त्याच्या गावी उगादीला आधी देवापुढे कैरी, मगच घरात. त्याच्या मागून कोणीतरी ओरडलं, आमच्याकडे बोरं आणि आवळा कार्तिकातल्या एकादशीपर्यंत बंद! एक बंगाली बाई सांगू लागली, तिच्या घरी सरस्वतीच्या पूजेआधी बोरं खाल्ली तर परीक्षेत नापास होतो म्हणायचे. "मी खाल्ली होती," ती म्हणाली, "आणि झालेही होते नापास!" हशा असा उसळला, की पवनच्या गाडीवरचे लोकही प्लेट हातात घेऊन इकडे धावले. काय झालं, काय झालं करत अख्खं मैदान इतवारीच्या स्टॉलभोवती गोळा झालं. प्रत्येकाला आपली आई आठवली होती आणि प्रत्येकाला ती आत्ताच्या आत्ता सांगायची होती. मासोळी किती जणांनी खाल्ली देव जाणे, पण गर्दी अशी झाली की मंडपाचा एक खांब कलला आणि इसरू तो धरून उभा राहिला.

संघप्रिया मॅडमनी माइक हातात घेतला. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "सूचनेत लिहिलं होतं, सर्वांत जास्त गर्दी. खाणाऱ्यांची गर्दी, असं लिहिलेलं नव्हतं. सात नंबरचा गाळा इतवारीताईंचा!"

इतवारीने पळी हवेत उडवली. ती पवनच्या नूडल्समध्ये पडली, आणि पवनने ती धुऊन परत आणून दिली.

पुढचे दिवस कॉलनी येडी झाली होती. सकाळी फिरायला निघालेले साहेब गेटावर थांबून विचारायचे, "इतवारीबाई, कोय धरली का?" सी टाइपच्या आंब्याखाली पोरं दगड घेऊन आली, तर बायकांनीच त्यांना पिटाळलं. गाळा मिळाला होता, चावी कमरेला होती, तरी इतवारीने शटर उघडलं नाही. उघडेन त कैरीच्या मासोळीनंच, म्हणाली.

आणि एका सकाळी पोचू स्वतः कैऱ्यांची टोपली घेऊन मोटरसायकलवर इसरूच्या मागे बसून आला. आदल्या दिवशी गावात पंडुम झाला होता. म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा गेटाच्या आत आला. त्याने नळ पाहिला, ओटा पाहिला आणि पायरीवर टेकला.

दुपारी शटर वर गेलं. रांग पार ओळीतल्या सलूनच्या पुढे गेलेली. इतवारीने पानं भरली, वाफाळता भात, वर लालभडक मासोळी. पहिल्याने पान घेतलं आणि तसाच उभा राहिला. दुसऱ्याने घेतलं, तोही. मग गिरजाबाई, लक्ष्मय्या, पवन. कोणी घास घेईना.

"काऊन थांबले?" इतवारी घाबरली. "मीठ जास्त झालं का?"

"तुमच्या गावी झाला पंडुम," गिरजाबाई म्हणाली. "इथी कुठी झाला? आमची बी मानसं गेली हायेत. आधी त्याइले ठेव, मंग आमी."

इतवारीने एका पानावर भात घेतला, मासोळी घेतली, कैरीची फोड वर ठेवली. ओळीच्या टोकाला, नकाशाप्रमाणे लावलेल्या आंब्याच्या झाडाखाली ते पान ठेवून ती परत आली. तोवर कोणी घासाला हात लावला नव्हता. आनंदाने तिला रडू फुटलं आणि ती ओरडली, "आता जेवा न!"

सगळ्यांनी एकदम घास घेतला. पायरीवर बसलेला पोचू ते बघत होता. इतवारी त्याचं पान घेऊन आली तेव्हा त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

"थांबले वो," म्हातारा म्हणाला, आणि जेवायला लागला.