कमी फी

मुलीला घरी आणलं त्याला सात वर्षं झाली, पण दत्तक संस्थेतला फीचा तो कागद मला अजून छळतो.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. इथं परदेशात, देशी दुकानांच्या डेव्हन रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि घासाघीस केल्याशिवाय मी गाडीचं तेलसुद्धा बदलून घेत नाही. शॉमबर्ग उपनगरातल्या त्या ऑफिसात आम्हा नवराबायकोपुढे कागद आला, त्यावर दोन आकडे होते. गोऱ्या बाळाची फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. काळ्या बाळाची बरीच कमी.

"ही कमी का?" मी विचारलं.

तिथल्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "या मुलांना घरं लवकर मिळत नाहीत. चर्चमधल्या साध्या कुटुंबांनाही परवडावं म्हणून."

"वकील तोच, कागदपत्रं तीच?"

"हो."

"मग कमी का?"

बायको मराठीत पुटपुटली, "अहो, जन्मभर भाव पाडलेत. आज पडलेला भाव चढवायला निघालात? आपल्याला मूल हवंय."

"हवंय म्हणूनच विचारतोय."

माझा आवाज चढला होता. बाईंनी कागद स्वतःकडे ओढला, तसा मी तो परत मागून घेतला आणि कमी फीवर सही केली. जास्त भरायची ऐपत नव्हती, हे खरं. सही करताना हायसं वाटलं, हेही खरं.

तो आकडा पहिल्यांदा कोणी लिहिला, कशावरून ठरवला, हे मी अजून विचारत फिरतो. मुलगी आता वाचायला लागली आहे. तिनं विचारण्याआधी मला ते कळायला हवं.