न घासलेला रुपया

नाण्याची प्रत ठरवायला मी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, मानवतला, एका निवृत्त पोस्टमास्तर काकांच्या ओसरीवर. मी शिकवते ती शाळा मानवतात, घर पेडगावात. शाळा सुटल्यावर स्टँडवर एसटीची वाट बघत बसण्यापेक्षा मी काकांकडे जायचे. त्यांच्याकडे नाणी होती आणि ती कुणाला तरी दाखवायची हौस होती.

नाणं कडेला दोन बोटांत धरायचं. अंगठा चित्रावर टेकला की काका कळवळायचे. मग उंचवटे बघायचे, कारण हातोहात फिरताना सगळ्यात वरचा भाग आधी झिजतो. आपल्या भागात जुन्या घरांतून सापडतो तो निजामाच्या काळातला, चारमिनारचं चित्र असलेला चांदीचा रुपया. त्याच्या मिनारांची टोकं चपटी झाली की प्रत घसरते. टोकं नुसती दबलेली असली तर एक्स्ट्रा फाइन, आणि ज्यानं बाजारच पाहिला नाही तो अनसर्क्युलेटेड, सगळ्यात वरचा.

"पण नाण्याचा खरा दुश्मन बाजार न्हाई ताई, चिंच हाय," काका म्हणायचे. चांदीचा रुपया लोक दर लक्ष्मीपूजनाला चिंच-राख लावून लख्ख करतात. तसा एक त्यांनी खिडकीपाशी तिरका धरून दाखवला. दिसायला आरसा, पण अंगभर केसाएवढे ओरखडे. टाकसाळीतून आलेली चकाकी निराळी. नाणं हळूहळू कलतं केलं की ती बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेलं नाणं नुसतं चमकतं. हा फरक माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसला त्या दिवशी माझी एसटी चुकली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मला आईच्या पत्र्याच्या डब्यातला रुपया आठवला. आजोबांना तो कोरा मिळाला होता. त्याची पूजा सुरू व्हायच्या आतच त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि लक्ष्मीपूजनही गेलं. रुपया धोतराच्या चिंधीत गुंडाळला गेला तो कायमचा. मी चिंधी सोडली तर आत काळंकुट्ट नाणं, कडेला जांभळी झाक. अंगणात उन्हाला तिरकं धरलं. त्या काळ्याखाली आरे फिरत होते, आणि मिनारांची टोकं जशीच्या तशी होती. मी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं.

त्या हिवाळ्यात परभणीत नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. ज्यानं त्यानं आपल्या नाण्याची प्रत कार्डावर लिहून द्यायची, नांदेडचे परीक्षक ती तपासणार, आणि सगळ्यात उत्तम राखलेलं नाणं मधल्या काचपेटीत जाणार. मी कार्डावर बिनदिक्कत अनसर्क्युलेटेड लिहिलं.

निघायच्या सकाळी बघते तर आईनं चिंच भिजत घातलेली.

"आन इकडं ते. असं काळं घीऊन जायलीस का? आपल्या लोकान्ला आधीच काय काय म्हणत्यात. म्हणतील, ह्यांना चांदी धुवायची बी अक्कल न्हाई."

मला राग पटकन येतो. तेव्हाही आला, पण आईवर नाही. तिला असं बोलायला लावणाऱ्यांवर आला. "घासलं तर ते मेलंच समज," मी म्हणाले आणि रुपया चिंधीसकट पर्समध्ये टाकला. आई सोबत आली, पण एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. मी चुकले असते तर चारचौघांत मान तिची खाली गेली असती, हे मला कळत होतं.

सभागृहात टेबलावर सगळे चारमिनार चकचकीत आणि आमचा कोळशासारखा. शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, घासून तरी आणायचं." आईनं पदर पुढं ओढला.

"घासायचंच असतं तर तांब्या आणला असता," मी म्हणाले.

परीक्षकांनी नाणं उचललं, कार्ड वाचलं आणि विचारलं, "ही प्रत कुणी लावली?"

"मी."

"कशावरून?"

मी मिनारांची टोकं दाखवली, त्यांच्यामधला न झिजलेला सज्जा दाखवला, मोकळ्या जागेत एकही ओरखडा नाही हे दाखवलं. मग म्हटलं, जरा कलतं करा. त्यांनी केलं. भिंगातून बघत ते बराच वेळ फिरवत राहिले.

"हे कधीच घासलेलं नाही?"

"नाही. आमच्या घरात लक्ष्मीपूजन होत नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझ्या कार्डावर बरोबरची खूण केली आणि रुपया स्वतःच्या हातानं मधल्या काचपेटीत ठेवला. काकाही प्रदर्शनाला आले होते; लांबून त्यांनी टाळ्या सुरू केल्या, आधी एकट्यांनीच. मला इतका आनंद झाला की तो लपवायचं माझ्या मनातही आलं नाही. शेजारच्या गृहस्थांकडे मी मुद्दाम वळून बघितलं.

आई मात्र पेटीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून हलेना. मी चहा नेऊन दिला, तो तिनं उभ्यानंच घेतला. दुपारून तेच गृहस्थ बायकोला घेऊन आले. बाई वाकून बघत म्हणाल्या, "एवढं काळं कसं काय हो हे?"

आईनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"माझ्या सासऱ्यानं दीक्षा घेतली, तवापसून आमी ह्याला घासलं न्हाई," ती म्हणाली. "म्हणून तर मधी ठिवलंय."