वैशालीबेनचे अडतीस, माझे चोवीस

आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेत. दर दिवाळीच्या सुट्टीआधी ठरतं की यंदा रद्दीत द्यायचे, आणि दर वर्षी वर एक गठ्ठा वाढतो. किश्शांचंही तेच. एकाने सांगितला की दुसऱ्याला आठवतो, आणि दुसऱ्याचा संपायच्या आत रिसेसची बेल होते! त्यातले हे काही, 'टेस्ट'च्या दिवसांतले. आधीच सांगून टाकते, यात मी काही चांगली दिसत नाही. मी जळत होते. सरळ सरळ जळत होते!

आमची शाळा सुरतेत, डिंडोलीला, मराठी माध्यमाची. पोरं धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या घरांतली, शिकवणारेही बहुतेक तिकडचेच. पण इतकी वर्षं गुजरातेत काढल्यावर आम्ही सगळ्या मॅडम कधीच्याच 'बेन' झालोय. मी पाटीलबेन, गणित शिकवते. वैशालीबेन मराठी शिकवते. टेबलाला आमच्या खुर्च्या समोरासमोर.

*

सुरुवात एका ट्रेनिंगने झाली. विशेष गरजा असलेल्या मुलांना कसं शिकवायचं, असा विषय. तिथल्या बाईंनी ऑटिझम समजावून सांगितला. आवाज सहन न होणं, ठरलेलं बदललं की घालमेल, घोळक्यात जीव नकोसा होणं. जाता जाता म्हणाल्या, "मोठ्यांतही असतो बरं का. कित्येकांना अर्धं आयुष्य गेलं तरी पत्ता नसतो." येताना रिक्षात वैशालीबेन फोनवर काहीतरी शोधत होती.

दुसऱ्या दिवशी रिसेसमध्ये तिने फोनवर कसलीशी प्रश्नावली उघडली. पन्नास प्रश्न. डबा न उघडता भरत बसली. शेवटी फोन टेबलावर ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "अडतीस आले."

आता मास्तर लोकांना 'पन्नासपैकी अडतीस' ऐकलं की पुढचं काही सुचतच नाही! विज्ञानाचे निकम सर ताडकन उठले. "अभिनंदन! फर्स्ट क्लास!" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी नाश्त्याला सुरती लोचो घेऊन आले, वर शेव, कांदा, सगळं साग्रसंगीत.

ते अभिनंदन ऐकून वैशालीबेन रडता रडता हसली. म्हणाली, "लहानपणापासून मला सगळे शिष्ट म्हणायचे हो. मी शिष्ट नव्हते, एवढं तरी कळलं." कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आणि माझ्या पोटात दुखलं. कारण बेल वाजली की माझे खांदे कानांना लागतात. ट्यूबलाइटची गुणगुण मला वर्गाबाहेरूनही ऐकू येते. आयत्या वेळी तास बदलला की माझा अख्खा दिवस नासतो. मला 'शिष्ट' नाही म्हणत कुणी. मला म्हणतात, "पाटीलबेनचे नखरे!" तिला एक शब्द मिळाला, एवढा मोठा, इंग्रजी. माझे आपले नखरेच राहिले.

*

मी घरी येऊन तीच टेस्ट दिली. सातव्या प्रश्नाला अडकले. "मला माणसांपेक्षा वस्तू बऱ्या वाटतात." चार पर्याय. पूर्ण सहमत, थोडी सहमत, थोडी असहमत, पूर्ण असहमत.

कोणती माणसं? दिलेलं नाही. कोणत्या वस्तू? तेही नाही. 'थोडी' म्हणजे किती? असा प्रश्न मी चौथीच्या पेपरात काढला असता तर पालकांनी माझी तक्रार केली असती! पाऊण तास गेला. शेवटी मी त्या वेबसाइटला मेल लिहिला. माहिती अपुरी असलेले प्रश्न कोणते, एकात दोन प्रश्न कुठे घुसडलेत, सगळं क्रमांकासहित.

सगळीकडे 'थोडी'वर टिक करून मला चोवीस मिळाले. जन्मात मी इतके कमी मार्क पाहिले नव्हते.

निकम सरांना मेलचं सांगितलं तर ते डब्यात घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. "पाटीलबेन, पन्नास लोक ही टेस्ट देऊन पुढे जातात. तुम्ही पेपर सेटरला मेमो पाठवलात?"

"चूक होती म्हणून पाठवला."

"आणि तुम्हाला चोवीसच?" म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडला.

*

मग काय, साथच आली! निकम सरांनी प्रश्न मराठीत उतरवले, झेरॉक्स काढल्या आणि स्टाफला वाटल्या. रिकाम्या तासाला पेपर, सुटल्यावर निकाल. सवयीप्रमाणे लाल पेनाने गुणपत्रक करून कपाटाच्या दारावर लावलं. पहिला नंबर वैशालीबेन. मी सहावी! आमच्या सोनवणे सरांना, म्हणजे आचार्यांना, इकडे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात, पन्नासपैकी नऊ.

सोनवणे सर चष्मा काढून गुणपत्रकापुढे उभे. "नऊ? आचार्यांना नऊ?"

"सर, यात काही..." निकम सर म्हणायला लागले.

"फेरतपासणी करा."

निकम सरांनी केली. नऊच. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "सर, उपस्थितीचे तीन देऊ का?"

"बारा चालतील," सर म्हणाले.

वैशालीबेनने त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की यात पास-नापास नसतं, कमी आले ते काही वाईट नाही. सरांनी नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण मग माझ्या खाली कोण आहे?"

*

पण सोनवणे सर माणूस मनाने चांगला. त्या बोलण्यातून त्यांना एवढं कळलं, की वैशालीबेनला खरंच त्रास होतो. सोमवारी येऊन बघते तर तिची खुर्ची खिडकीजवळ, पंख्यापासून लांब. प्रार्थनेच्या लाउडस्पीकरची ड्यूटी माफ. नवरात्रात शाळेच्या गरब्याला थांबायची सक्ती नाही. तिच्या वर्गाबाहेरच्या बेलवर जाड कापड गुंडाळलेलं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खिडकीजवळची खुर्ची मी अकरा वर्षं मागतेय! अकरा! दर वर्षी उत्तर एकच, "बेन, ॲडजस्ट करा." आणि आता तिच्या जागी लाउडस्पीकरची ड्यूटी कुणाला? मला!

पहिल्याच दिवशी माइकने अशी काही शीळ घातली की मी दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सातशे पोरं बघतायत. निकम सर मागून म्हणाले, "पाटीलबेन, नखरे पुरे, प्रार्थना सुरू करा."

मी सुरू केली. पण त्या दिवशी मी वैशालीबेनशी बोलले नाही.

घरी येऊन विचार केला, तर मलाच पटेना. शाळेत एवढा त्रास होतो, मग घरी का नाही होत? घरी मी अगदी बरी असते. चिडचिड नाही, काही नाही. ऑटिझम काय शाळेच्या गेटवर ठेवून घरी येतं का माणूस? म्हणजे वीस वर्षं लोक म्हणतात तेच खरं. नखरे. त्या विचाराने मला जेवण गेलं नाही.

यांना काही सांगायची सोय नाही. आमचे हे पांडेसऱ्याला एका मिलमध्ये कापड रंगवायच्या डाइंग खात्यात आहेत. दिवसभर मशीनच्या धडधडीत काम, घरी आले की तोंडातून शब्द नाही. आळशी इतके की दाराची बेल बंद पडून कितीतरी वर्षं झाली, अजून दुरुस्त केलेली नाही.

*

आता लाज वाटते तो किस्सा. मी पुन्हा टेस्ट दिली, या वेळी ठरवून. कोणत्या टिकला मार्क वाढतात ते एव्हाना पाठ झालं होतं. चव्वेचाळीस! वर्गात पोराने मान वाकडी केली तरी पेपर काढून घेणारी मी, आणि स्वतः कॉपी करून पास. स्क्रीनशॉट काढला आणि वैशालीबेनला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. बघ म्हटलं, तुझ्यापेक्षा सहा जास्त!

तिचं उत्तर लगेच आलं. "अगंबाई! किती सोसलंत हो तुम्ही. आणि मला कधी कळलंही नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कबूल करून टाकलं, की हे खोटे आहेत, खरे चोवीस. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "नंबरात काही नसतं हो. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑनलाइन टेस्ट म्हणजे फक्त दार वाजवणं. आत कोण आहे ते त्या नीट तपासून सांगणार." ती खरोखर डॉक्टरकडे जाऊन आली होती. तपासणी अजून चालू होती. मला तिथेही ती पुढेच निघालेली दिसली.

मग तिने पर्समधून कागद काढला. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे टिक करायला पर्यायांचे चौकोन, घरच्या माणसाने भरायचा फॉर्म. तिचा कोराच होता.

"यजमानांना चार वेळा दिला," ती म्हणाली. "म्हणतात, तुझं तूच भर, मला काय माहीत तुझं."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मास्तरकीची सवय, तिने आधीच दोन जादा झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. एक माझ्यापुढे सरकवली. "तुमच्या घरी विचारून बघा."

*

पहिल्या पाळीवरून हे आले, चहा झाला, तसा मी फॉर्म पुढे ठेवला. "हाई काय शे?" त्यांनी विचारलं. घरात हे अहिराणीच बोलतात, तेही मोजून. मी म्हटलं, "शाळेचं आहे. माझ्याबद्दल खरं खरं भरायचं."

त्यांनी चष्मा लावला. मी समोर पापडीच्या शेंगा निवडत बसले. निवडत कसली, एकच शेंग दहा वेळा सोलली. यांनी पाऊण तास घेतला. मग कागदाची घडी घातली, माझ्या पर्समध्ये ठेवली आणि भाजी आणायला गेले.

मी रिसेसपर्यंत उघडला नाही. भीती वाटत होती, की हेही 'नखरे'च म्हणतील. शेवटी वैशालीबेनसमोरच उघडला. एकाही चौकोनात टिक नव्हती! प्रत्येक प्रश्नाच्या पुढे पेनाने बारीक अक्षरात लिहिलेलं.

अचानक मोठा आवाज झाल्यास ही व्यक्ती कशी वागते? 'माहीत नाही. घरात आवाज होऊ देत नाही. दाराच्या बेलची वायर मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच काढली.'

ठरलेल्या गोष्टीत अचानक बदल झाल्यास? 'अचानक करत नाही. आदल्या दिवशी सांगतो.'

पाहुणे आल्यावर? 'ती आत असते. चहा मी करतो.'

कोणता आवाज, वास किंवा स्पर्श सहन होत नाही? तिथे जागा पुरली नव्हती. मजकूर समासातून वर चढून कागदाच्या मागे गेला होता, आणि मागचं पानही भरलं होतं.

वैशालीबेनने कागद माझ्या हातातून घेतला. दोन्ही बाजू वाचल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. निकम सर लाल पेन घेऊन आलेच. "काय, पाटीलबेनचा निकाल? किती?"

"शून्य," मी म्हटलं. "एकही टिक नाही."

वैशालीबेन कागद सोडेना. खिडकीजवळच्या खुर्चीतून उठली, ती खुर्ची ओढत माझ्याजवळ आणली.

"पाटीलबेन," ती म्हणाली, "ही खुर्ची घ्या. माझे अडतीसही घ्या. पण हा कागद मला द्या."