बंद खात्यात पडलेली सूचना

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. जळगाव जामोदचं बियाण्याचं प्रकरण मात्र अजून पिच्छा सोडत नाही.

मी तिथे ठाणेदार होतो. बीटी कपाशीच्या लागवडीचे दिवस. सकाळीच खबऱ्याने कळवलं, कंपनीने विक्री थांबवलेला लॉट एक कृषी केंद्रवाला खुशाल विकतोय. कंपनीला विचारलं. उत्तर आलं, लॉट उगवणीत नापास आहे, आठवड्यापूर्वीच दुकानाला ईमेल केलाय. दुकानदाराला उचलून आणलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली.

"साहेब, मले मेल भेटलाच नाही. महिना झाला, खातंच उघडत नाही."

"सगळे हेच म्हणतात बे."

"मले बसवा इथंच. पण हे बिलबुक घ्या, घेणाऱ्यायची नावं हायेत यात. लोक वावरात सरकी टोबून राह्यले, त्यायले थांबवा पयले!"

मला वाटलं, लक्ष दुसरीकडे वळवतोय. बिलबुक जप्त करून कपाटात कुलूपबंद ठेवलं.

दुकानाची वेबसाइट आणि ईमेल खातं सांभाळणारा होस्टिंगवाला नांदुऱ्याचा. त्याला बोलावणं धाडलं, तो दुपारी आला.

"वर्षाचे पैसे थकले, खातं बंद केलं. नियम हाय."

"दरसाली कापूस निघाला का देतो ना बाप्पा!" दुकानदार कळवळला. "एक फोन तं कराचा होता."

"कळवलं ना. मेल केला."

"कोणत्या खात्यावर?" मी विचारलं.

त्याने त्याच बंद खात्याचा पत्ता सांगितला. आमचे जमादार म्हणाले, "वा रे भाऊ! घराले कुलूप लावलं अन् चिठ्ठी आतमंधी टाकली!"

"मग नवे मेल कुठे जातात?"

"आतच जमा होतात, साहेब. फक्त उघडता येत नाहीत."

पंचांसमोर खातं उघडायला लावलं. कंपनीची सूचना तिथेच पडली होती, न वाचलेली. माणूस खरं बोलत होता.

मग कपाटातलं बिलबुक काढलं आणि धावाधाव. जीप पिटाळली, शिपाई मोटारसायकलींवर. बहुतेकांची पाकिटं जशीच्या तशी परत आली. सातपुड्याच्या पायथ्याशी एका बाईचं शेत मात्र तासाभरापूर्वीच टोबून, म्हणजे बी लावून, झालं होतं. तिने जमादारांना विचारलं, "सकाळीच काऊन नाही आले भाऊ?"

पैसे थकले तर वेबसाइट उतरवा, तगादा लावा. पण तिसऱ्याने धाडलेलं पत्र अडवून धरायचा हक्क कुणाला नाही, असं मी आजही ठासून सांगतो. आणि हे सांगताना मान खाली जाते. कारण तेवढा वेळ बिलबुकातली नावं मीही कुलपात ठेवली होती. पुढे नोकरीभर एक पाळलं: ताब्यातला माणूस स्वतःला सोडून दुसऱ्याला वाचवा म्हणाला, की आधी गाडी काढायची. जबाब नंतर.