अर्ध्या सीझनचा तक्ता

चार जुने क्रिकेटवाले एकत्र बसले की सिक्सर लांबत जातात. तेव्हा जो बॉल बांधापलीकडे पडला होता, तो आता थेट नदीत पडतो! माझ्याकडे सिक्सरचा एकही किस्सा नाही, कारण मी कधी खेळलोच नाही. मी खर्डीला दुकानांचे बोर्ड रंगवायचो. तरी माझ्याकडेही किस्से साचले आहेत, फक्त त्यातल्या बहुतेकांत मान खाली गेलेला माणूस मीच आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. भात कापून शेतं मोकळी झाली की आमची टेनिस बॉलची लीग सुरू व्हायची. सहा संघ, दर रविवारी सामने, होळीआधी खेळ खल्लास. ज्याच्या मैदानावर सामना, त्याने पाहुण्या संघाला जेवू घालायचं, हा नियम. माझं अक्षर बरं म्हणून स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे. लीग चालवायचा काशिनाथ सायकलवाला. संक्रांतीला अर्धी लीग संपली आणि तो म्हणाला, "पेंटर, कोन कुटं हाय ते लोकांना कळू दे. माज्या दुकानावर तक्ता काढ."

मी काढला. शहापूर पहिलं, खर्डी दुसरी, मग मुरबाड, कसारा, टोकावडे आणि तळाला पाचही सामने हरलेली उंबरमाळी. पिवळी किनार, पांढरी अक्षरं, झकास!

पुढच्याच रविवारी शहापूर हरलं आणि खर्डी वर गेली. काशिनाथ ओलं फडकं घेऊन आला आणि घासत बसला. अक्षर हलेना. "पेंटर, कशानं लिवलंस रे?"

"ऑइल पेंट."

"अरं, तक्ता दर रविवारी बदलतो!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं काम पावसात टिकतं, याचाच मला मोठा अभिमान.

*

खरी भानगड आकड्यांची नव्हती, शेऱ्यांची होती. काशिनाथ म्हणालेला, "नुसते आकडे कोन वाचनार? कोन कसा खेलतो ते पन टाक." मग काय, मला शाळेतल्या मास्तरसारखं वाटायला लागलं. ज्याला आयुष्यात धड एक कॅच घेता आला नाही, तो सहा संघांना प्रगतिपुस्तक वाटत बसला.

शहापूरला मी लिहिलं, "निम्मे बॅटिंग करतात, निम्मे अंपायरशी भांडतात." ते वाचून त्यांचा कॅप्टन तावातावाने दुकानात आला. "आमी भांडतो? कोन बोलला आमी भांडतो? कुटं हाय तो पेंटर?" काशिनाथ शांतपणे म्हणाला, "हे काय चाललंय मंग?" मी तेव्हा मागच्या बाजूला टायरांच्या आड उभा होतो. बाहेर यायची माझी हिंमत झाली नाही.

*

टोकावड्याला लिहिलं होतं, "पोरं चांगली, पण लवकर दमतात." त्यांच्या एका बॉलरचं लग्न खर्डीत जमत होतं. मुलीच्या मामाने तक्ता वाचला आणि थेट निरोप धाडला, "पोराला दम्याचा तरास हाय काय?"

दोन दिवसांनी तो बॉलर एसटी बदलत खर्डीला आला. त्याने मामाला आणि मला मैदानाच्या कडेला उभं केलं आणि भर दुपारी पाच फेऱ्या मारल्या. सहावीला मामा म्हणाला, "पुरे रं बाबा, दिली पोरगी!"

मला पत्रिका आली. "पेंटर यांनी बसून घ्यावे, उगाच दमू नये," असं पेनाने खाली लिहिलेलं. मी गेलो, आणि लग्नात सगळ्यांनी मला आग्रहाने खुर्ची दिली.

*

उंबरमाळीचा शेरा मात्र आजही तोंडातून काढताना जड जातो. मी लिहिलं होतं, "खेळायला नाही, जेवायला येतात."

पोरं पहाटे घरून निघायची, जेवणापर्यंत पोटात नुसता चहा. मग पानावर बसली की भात मागून मागून घ्यायची. मुरबाडला तर त्यांचा कॅप्टन लहू उरलेला भात बांधून घेऊन गेला होता. त्यांचं मैदान म्हणजे लहूचंच शेत. त्यात वाल उभे होते, म्हणून तोवर त्यांचे सगळे सामने बाहेर. म्हणजे खाणार सगळीकडे आणि घालायची पाळी अजून आलेली नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरी लिहिलं, कारण वाक्य जमलं होतं. तक्त्यासमोर लोक पोट धरून हसायचे आणि मी बाजूला चहा पीत ते ऐकायचो.

*

वाल अजून उभेच होते, म्हणून उंबरमाळी पुन्हा आमच्याकडेच खेळायला आली. जेवणाची हाक गेली, पण एकही पोरगा उठला नाही. अकराही जण लांबच्या बांधावर बसले, फडकी सोडली आणि घरून आणलेल्या नाचणीच्या भाकऱ्या काढल्या. आमचा भाताचा टोप तसाच राहिला.

काशिनाथने मलाच बोलवायला पाठवलं. मी जाऊन म्हणालो, "लहू, चल ना रे, पानं मांडलीत."

लहूने भाकरीचा तुकडा मोडला. रागावला असता तर बरं झालं असतं. "नाय पेंटर," तो म्हणाला, "आमी खेलाया आलोव."

त्या दिवशी त्यांनी खर्डीला हरवलं! लोक म्हणाले, पेंटरचा शेरा लागला बघा पोरांना. ते श्रेय मी आठवडाभर घेत फिरलो, याची लाज मूळ शेऱ्यापेक्षा जास्त वाटते.

*

शेवटी मी त्या ओळीवर काळा रंग मारला. पण ऑइल पेंटची अक्षरं जाड. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की काळ्यावर काळी ओळ उठून दिसायची. आधी लोक सरळ वाचायचे, आता मान वाकडी करून वाचायला लागले. वर एकमेकांना शिकवायचे, "हितून नाय, हिकडून बघ!"

*

वाल निघाले आणि लीगचा शेवटचा सामना उंबरमाळीला लागला. ताप आला, असं सांगून टाळायचा माझा बेत होता, पण स्कोअर लिहायला दुसरा कोणी नव्हता.

सामना झाला. लहूच्या अंगणात पानं पडली. भात, वालाचं कालवण, कोंबडीचा रस्सा. अख्खी वाडी वाढायला उभी. लहूची आई टोप घेऊन पुढे आली आणि पंगतीकडे बघत म्हणाली, "तो तक्ता लिवनारा कोन हाय रं यात? त्याला पयला वाढाचाय."

स्कोअरची वही माझ्या मांडीवर होती. काशिनाथ पानाकडे बघत बसला.

लहूने माझ्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाला, "तो नाय आला गो आये. हा दुसरा हाय. वाढ याला."

तिने मला वाढलं. नको म्हणालो तरी दोनदा वाढलं. मान वर न करता मी सगळं खाल्लं. निघताना तिने पळसाच्या पानात बांधलेला भात आणि कोंबडी माझ्या हातात ठेवली.

"त्याच्या घरी नेऊन दे," ती म्हणाली. "आमच्याकडं जेवाचा राहिला तो."